घोडागाडी आणि ट्रक

लंडनच्या शेफर्ड्स बुशमधल्या भंगारवाल्याकडे घोडा आहे. लॉस एंजेलिसच्या वॉट्समधल्या भंगारवाल्याकडे ट्रक आहे. ब्रिटिश विनोदी मालिका आणि त्यांच्या अमेरिकन आवृत्त्या यांच्यात फरक काय, असं कुणी विचारलं की लोक 'ब्रिटिश विनोद कोरडा, अमेरिकन भडक' असं काहीतरी ठोकून देतात. मला मात्र आधी तो घोडा आठवतो.

'स्टेप्टो अँड सन' बीबीसीवर आली १९६२ साली. लिहिणारे रे गाल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन. म्हातारा, कळकट, आतल्या गाठीचा बाप आल्बर्ट आणि चाळिशीकडे झुकलेला मुलगा हॅरल्ड. हॅरल्डला पुस्तकं हवीत, चांगलं संगीत हवं, चार शहाण्यासुरत्या माणसांत उठबस हवी. नशिबी मात्र भंगार आणि बाप. पहिल्याच भागात तो घर सोडायला निघतो. आपलं सगळं सामान गाडीवर लादतो. बाप म्हणतो, जा की, पण घोडा मिळणार नाही. मग हॅरल्ड स्वतःच ती गाडी ओढायला लागतो. गाडी तसूभर हलत नाही. तो ओढत राहतो, आणि शेवटी रडतो. बाप त्याला घरात घेऊन जातो. ही विनोदी मालिका आहे, हे आपण आपल्यालाच बजावायचं.

अमेरिकेत १९७२ साली याची 'सॅनफर्ड अँड सन' झाली. बाप-मुलगा कृष्णवर्णीय, वस्ती वॉट्सची. बापाच्या, म्हणजे फ्रेडच्या, भूमिकेत रेड फॉक्स. त्याचं खरं आडनावच सॅनफर्ड, म्हणजे मालिकेने घराच्या दारावरची पाटीसुद्धा त्याचीच वापरली. मुलगा लॅमाँट घर सोडायची भाषा करतो, की लगेच फ्रेड छातीवर हात ठेवून आभाळाकडे बघतो आणि स्वर्गवासी बायकोला हाक मारतो, 'एलिझाबेथ, आलोच गं मी!' दर चार दिवसांनी हृदयविकाराचा झटका. भावनिक दबाव तोच, बापाची हुकमत तीच, पण बघणारा हसून लोळतो. आणि अंगणात ट्रक उभा असतो. किल्ली फिरवली की लॅमाँट कुठेही जाऊ शकतो. तो जात नाही, कारण म्हाताऱ्यावर त्याचा जीव आहे. हॅरल्ड जात नाही, कारण त्याला जाता येत नाही. बाकीचे सगळे फरक मला या एका फरकातून फुटलेले दिसतात.

आता यावर लगेच राष्ट्रीय स्वभावाचं प्रवचन झोडायचा मोह होतो: इंग्रज जात्याच निराश, अमेरिकन जात्याच आशावादी. थोडंफार असेलही तसं. पण मला यात स्वभावापेक्षा हिशेबाची वही जास्त दिसते. ब्रिटिश मालिकेचा हंगाम साधारण सहा भागांचा. लिहिणारे एक किंवा दोघं. 'फॉल्टी टॉवर्स' या बॅझिल नावाच्या हॉटेलवाल्याच्या मालिकेचे सगळे मिळून बारा भाग, सहा १९७५ साली आणि उरलेले सहा १९७९ साली. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी जमेल तेव्हा, जमेल तसे लिहिले आणि विषय संपवला. अमेरिकन वाहिन्यांचा जुना शिरस्ता वर्षाला वीस-बावीस भागांचा. खोलीभर लेखक बसवून ते रतीबासारखे घालायचे. शिवाय जाहिरातींना जागा सोडायची, म्हणजे अर्ध्या तासात गोष्टीला उरतात बावीसेक मिनिटं. आणि खरा पैसा पुनर्प्रक्षेपणात. त्यासाठी शंभराच्या आसपास भाग साठले पाहिजेत. आता मला सांगा, नालायक, कुजकट, लाळघोट्या माणसाचे बारा भाग आपण आनंदाने बघू, पण शंभर? इतक्या वेळा घरी येणारा पाहुणा थोडा तरी गोड असावा लागतो.

'द ऑफिस'मध्ये हे सगळं अगदी उघड्यावर घडतं. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांची मूळ मालिका २००१ची. गाव स्लाव, धंदा कागदविक्रीचा, साहेबाचं नाव डेव्हिड ब्रेंट. दोन हंगाम, वर नाताळचे दोन विशेष भाग, एकूण चौदा. ब्रेंटला आपण विनोदी आहोत असं वाटतं, आणि तो नाही. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी त्याला कामावरून काढतात तेव्हा तो सगळा तोरा सोडून गयावया करतो, 'नका ना काढू मला.' त्या क्षणी तुम्ही त्याचा द्वेष करू शकत नाही आणि त्याला जवळही घेऊ शकत नाही. माझी भाची म्हणते, 'मावशी, मला तो माणूस बघवतच नाही गं.' बरोबर आहे. तो बघवू नये म्हणूनच लिहिलेला आहे.

अमेरिकन 'ऑफिस' २००५ साली सुरू झालं, गाव स्क्रँटन, राज्य पेनसिल्व्हेनिया. पहिला भाग जवळजवळ मुळाची नक्कल, आणि तो बघताना अंगावर उसना कोट घातल्यासारखं वाटतं. संवाद तेच, पण स्टीव्ह करेलच्या तोंडी ते नुसते कडू लागतात. दुसऱ्या हंगामापासून ग्रेग डॅनियल्सच्या लेखकमंडळींनी मायकेल स्कॉटला, म्हणजे करेलच्या साहेबाला, दुरुस्त करायला घेतलं. केस नीट केले, हे वरवरचं. खरी दुरुस्ती अशी, की या बावळटाला एक गोष्ट उत्तम येते, हे त्यांनी दाखवलं. मायकेल विक्री करू शकतो. एका जेवणाच्या टेबलावर तो नाही नाही ते विनोद करतो, वरिष्ठ बाई कपाळाला हात लावून बसते, आणि शेवटी कंत्राट तोच मिळवून आणतो. म्हणजे हा माणूस या खुर्चीवर का आहे, याला उत्तर मिळालं. ब्रेंटच्या बाबतीत ते उत्तर नाही, आणि ज्यांनी नोकऱ्या केल्या आहेत त्यांना ते लागतही नाही.

पुढे तिसऱ्या हंगामात कचेरीतल्या स्वागतिका पॅमच्या चित्रांचं प्रदर्शन असतं. कचेरीतलं जवळजवळ कुणी फिरकत नाही. एकटा ऑस्कर येतो, तोही जोडीदाराबरोबर उभा राहून त्या चित्रांबद्दल नाक मुरडणारी चर्चा करतो आणि ती पॅमच्या कानावर पडते. ती आवरायला घेते तेवढ्यात मायकेल धावतपळत पोहोचतो. आपल्या कचेरीच्या इमारतीचं साधंसं चित्र बघून भारावतो आणि विकत मागतो. 'मला तुझा अभिमान वाटतो,' म्हणतो. मी ब्रिटिश पक्षाची असूनही तिथे माझा घसा दाटतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण अशी जागा निर्माण व्हायला मायकेलला दोन-अडीच हंगाम आपल्या घरात वावरावं लागलं होतं. चौदा भागांत हे बसत नाही. एकूण भाग झाले दोनशे एक.

उलट बाजूची पडझडही बघण्यासारखी आहे. 'फॉल्टी टॉवर्स' अमेरिकेने पुन्हा पुन्हा करून बघितली आणि एकदाही जमली नाही. १९८३ साली 'अमांडाज' आली, बी आर्थरला मुख्य भूमिकेत घेऊन. क्लीज गमतीने सांगतो, की त्याने निर्मात्यांना विचारलं, काही बदल करताय का? ते म्हणाले, फक्त एकच, आम्ही बॅझिलला काढून टाकलंय. गणपतीच्या मंडपातून गणपतीच काढला, बाकी रोषणाई आहे तशी! मालिका काही महिन्यांतच गुंडाळली. पण मला वाटतं, बॅझिल ठेवला असता तरी अडचण होतीच. बॅझिल फॉल्टी टॉर्की या इंग्लिश गावातल्या छोट्या हॉटेलात बसून उच्चभ्रू पाहुण्यांची वाट बघत असतो. पहिल्याच भागात कुणी लॉर्ड मेलबरी येतो, तर हा त्याच्यापुढे नुसता विरघळतो, आणि तो लॉर्ड निघतो भामटा. त्याचा सगळा चिडचिडेपणा आपण वर चढू शकत नाही आणि खाली बघायला मात्र आवडतं, यातून आलेला आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाळ घोटायला लॉर्ड आणायचा कुठून?

'कपलिंग' या ब्रिटिश मालिकेची तऱ्हा निराळी. तिथे एनबीसी या अमेरिकन वाहिनीने २००३ साली मूळ संहिताच जवळपास उचलल्या. चार भागांत मालिका बंद पडली. नटांच्या तोंडातले शब्द त्यांचे वाटत नव्हते, एवढंच त्यावर बोलण्यासारखं आहे.

मूळ धरून ठेवलं की मरतं आणि सोडलं की जगतं, असाही नियम काढता येत नाही. अमेरिकन निर्माता नॉर्मन लिअर याने ब्रिटिश 'टिल डेथ अस डू पार्ट'वरून १९७१ साली 'ऑल इन द फॅमिली' केली. लंडनच्या ईस्ट एंडमधला आल्फ गार्नेट न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आर्ची बंकर झाला. दोघेही तोंडाळ, वर्णद्वेषी, जावयाशी भांडणारे. दोन्ही देशांत एक पंचाईत सारखीच झाली: ज्याची थट्टा करायची, त्याच्याच मतांना काही प्रेक्षक माना डोलवू लागले. पण आर्चीला लेखकांनी आत एक पोर ठेवलं. एका भागात तो आणि जावई कोठीच्या खोलीत अडकतात, पितात, आणि आर्ची सांगून जातो, की लहानपणी एका पायात बूट आणि दुसऱ्यात भलताच जोडा घालून शाळेत जावं लागे, पोरं चिडवत. बापाचा हात किती भारी होता तेही सांगतो, आणि जो बाप आपल्यावर एवढी माया करतो तो चुकीचं कसं शिकवेल, असंही विचारतो. आल्फच्या वाट्याला अशी सवलत सहसा येत नाही. आर्चीची खुर्ची पुढे स्मिथसोनियन संग्रहालयात गेली.

आपल्याला हा खेळ नवा नाही. मोलिएरचा संशयी नवरा इंग्रजीच्या वाटेने गोविंद बल्लाळ देवलांकडे आला, फाल्गुनराव झाला, आणि 'संशयकल्लोळ' बघताना आज कुणी त्याचं मूळ गाव विचारत नाही. टीव्हीवर तर आपण थेट विलायतेतूनच माल उचलला. 'माइंड युअर लँग्वेज'वरून १९९३ साली 'जबान संभालके' आली, पंकज कपूर मास्तर झाला. लंडनच्या वर्गात परदेशी मंडळी इंग्रजी शिकत होती, आपल्या वर्गात हिंदी. अमेरिकेनेही हाच वर्ग भरवला होता, पण तिथले विद्यार्थी नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करत होते. अमेरिका ती अमेरिकाच. आणि २००१ साली 'येस मिनिस्टर'ची 'जी मंत्रीजी' झाली तेव्हा फारूख शेखच्या मंत्र्याला आणि त्याच्या सचिवाला फारसं बदलावंच लागलं नाही. फाइल कशी फिरवायची, निर्णय कसा लांबवायचा, 'विचाराधीन आहे' कधी म्हणायचं, हे ज्यांनी शिकवलं त्यांचीच तर ती मालिका होती.

अलीकडचं उदाहरण 'घोस्ट्स'चं. जुन्या वाड्यात मेलेली माणसं अडकून पडली आहेत आणि ती फक्त घरच्या तरुण बाईला दिसतात. बीबीसीची मालिका २०१९ची, अमेरिकन २०२१ची, आणि तिचा पहिलाच हंगाम अठरा भागांचा, म्हणजे ब्रिटिश तीन हंगामांइतका. इथे कुलूप कथेच्या नियमातच आहे. भुतांना हद्द ओलांडता येत नाही, त्यामुळे ट्रकचा प्रश्नच मिटला, आणि अमेरिकन आवृत्ती छान जमली. गंमत अशी, की ब्रिटिश मालिकेत पाच हंगामांनंतर, २०२३च्या नाताळात, ते जिवंत जोडपं वाडा सोडून निघून जातं. हॅरल्डला जे जमलं नाही ते यांना जमलं. अमेरिकन जोडप्याने मात्र वाड्यात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत, धंदा बरा चाललाय, आणि प्रेक्षकसंख्या टिकून आहे तोवर त्यांना तिथून कुणी हलू देईल असं मला वाटत नाही.