भोंगा बोलला एकदाचा!

तीन महिने खपल्यावर आज तो जुना सायरन, म्हणजे आपला भोंगा, वाजला. खरं सांगू का, मोटर जळाली असणार असंच धरून चाललो होतो, पण उघडलं तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, ठणठणीत, बेअरिंगमधलं ग्रीस वाळून पार दगड झालेलं आणि स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या न फिरणाऱ्या कड्याच्या, दोन खिडक्यांत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, मग रोटर, म्हणजे आतलं फिरतं चाक, हलणार कसा! गंज घासला, बेअरिंग नवीन टाकले. रोटर परत बसवताना मात्र घाम फुटला, रोटर आणि स्टेटरमधली फट इतकी बारीक की जरा तिरका बसला तर घासणार आणि फट जास्त ठेवली तर आवाजच पडतो. यात स्पीकर वगैरे काही नसतं हो, फिरता रोटर हवा कापतो तोच आवाज. १० खिडक्या, मिनिटाला २८८० फेरे, म्हणजे सेकंदाला ४८ फेरे गुणिले १०, ४८० हर्ट्झ (सेकंदाला ४८० कंपनं), बास एवढंच गणित. कानाला मफ लावून बटण दाबलं तर आधी नुसती घरघर, आणि मग जो सूर चढत गेला ना.. काटाच आला अंगावर. पाच सेकंदात बंद केला, उगाच लोकांची पळापळ नको. रंग बाकी आहे अजून. नखांतलं ग्रीस काही निघत नाहीये.