कुगावहून डाळजला, पाण्यावरून

रविवार रात्र, हडपसर

मी घेतलेली जुनी बोट आज कुगावहून उजनी धरणाच्या पाण्यावरून आली. डाळजला चुलतभावाच्या शेताखाली बांधून ठेवलीय आणि मी तासाभरापूर्वी घरी पोचले. बाबा आज बोटीत जे जे बोलले ते उद्यापर्यंत जसंच्या तसं आठवणार नाही, म्हणून झोपायच्या आधी लिहून काढते.

खरेदीचं थोडक्यात. कुगावच्या एका मच्छीमार काकांनी मोठी बोट घेतली, त्यांची जुनी फायबरची मी घेतली. मागच्याच आठवड्यात ती काठावर उलटी घालून बोटाच्या पेरांनी सगळीकडे ठोकून पाहिली होती. चांगल्या फायबरचा आवाज टणक येतो, थर सुटलेला असला की बद्द. इंजिन अडकवतात त्या मागच्या फळीकडे जास्त लक्ष दिलं. आत प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकातून पाणी मुरलं की ते आतल्या आत कुजतं, वरून काही दिसत नाही. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागणारं. खालच्या गिअरचं ऑइल काढलं ते स्वच्छ निघालं. दुधाळ निघालं असतं तर सील जाऊन आत पाणी शिरलंय असं धरून मी सौदा सोडला असता. पंपातला रबरी पंखा मात्र नवीन टाकला. इंजिन थंड ठेवणारं पाणी तोच वर खेचतो, आणि मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार पडतेय तोवर काळजी नाही. आज दिवसभर माझी निम्मी नजर त्या धारेवरच होती.

टेम्पोत घालून आणणं सोपं होतं. पण बाबा म्हणाले, "पाण्यातूनच आणू. मला बघायचंय." काय बघायचंय ते मी विचारलं नाही. बाबांचं गाव जुनं पळसदेव, आता या पाण्याखाली गेलेलं. उजनीची पायाभरणी १९६६ सालची, धरण पुरं झालं १९८० ला. पाणी चढायला लागलं तेव्हा बाबा कॉलेजच्या वयाचे होते. गाव वर सोलापूर रस्त्याकडे सरकलं आणि बाबा नोकरीसाठी पुण्याला आले. तेव्हापासून ते हे पाणी फक्त काठावरून बघत आलेत.

उजाडताच निघालो. दुपारनंतर वारा उठतो आणि इतक्या रुंद पाण्यात लाटा बघता बघता मोठ्या होतात, म्हणून काकांनी वेळ ठरवून दिली होती. वाट दाखवायला ते स्वतः आले. पेट्रोलमध्ये ऑइल त्यांनी माझ्याकडूनच मोजून घेतलं, लिटरला २० मिली. लाइफ जॅकेटचे पट्टेही त्यांनीच ओढून बघितले. कुगाव आणि कळाशीच्या मधल्या पाण्यात मे २०२४ मध्ये वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. रस्त्यानं फार मोठा वळसा पडतो, म्हणून इथली माणसं वर्षानुवर्षं पाण्यावरूनच ये-जा करत आलीत. त्या पट्ट्यातून जाताना काकांनी इंजिन हळू केलं आणि हात जोडले. बाबांनीही जोडले.

पुढचा प्रवास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वरून सगळं पाणी सारखंच दिसतं, पण खाली माणसांची शेतं, बांध, विहिरी, घरांच्या भिंती आहेत. उजनीत ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. म्हणजे पाणी या साठ्याला लागून धरण 'उणे'मध्ये जायला लागतं तेव्हाही निम्म्याहून जास्त पाणी आतच असतं. तळाचा बराचसा भाग बुडाल्यापासून कुणीच पाहिलेला नाही. काका शक्यतो भीमेच्या जुन्या पात्रावरून बोट नेत होते, कारण तिथं खोली असते. काठावरची दोन झाडं एका रेषेत आली की वळायचं, दूर भिगवणच्या कागद कारखान्याचा धूर दिसला की तो डाव्या अंगाला ठेवायचा, असा त्यांचा हिशोब.

पळसदेव जवळ आलं तसे बाबा बोलायला लागले. आधी अंदाजानं, मग खात्रीनं. "इथून नदीकडं जायचा उतार होता. ह्याच्या डाव्या हाताला आमची विहीर. दगडी, मोटेची." काकांनी लगेच बोट उजवीकडे घेतली. म्हणाले, "तिथं विहीर आहे व्हय? आमचं जाळं तिथं कायम अडकतं. गोल काहीतरी आहे एवढंच म्हाईत होतं." मग दोघांचं सुरूच झालं. काका जाळं कुठं फाटतं ते सांगत, बाबा तिथं काय होतं ते सांगत. चिलापी मासळी जिथं दाट लागते ती जागा म्हणजे वाड्याची पडकी भिंत निघाली. बांबू टाकला की टणक लागतो तो जुना रस्ता. एका ठिकाणी दोघांचं जुळेना. बाबा म्हणत होते इथं काही नव्हतं, मोकळं रान होतं. काका म्हणत होते बुंधे आहेत, हात फाटलाय माझा. शेवटी बाबांनाच आठवलं, बांधावर बाभळी होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो आनंद होता तो मी घरात फार कमी वेळा पाहिला आहे.

पळसनाथाचं देऊळ काही दिसलं नाही. पाणी फार उतरलं तरच ते उघडं पडतं, आणि यंदा अजून बरंच पाणी आहे. पण बाबांनी जागा दाखवली आणि काकांनी मान डोलावली. त्यांना ती शिखरामुळं माहीत आहे, बाबांना जत्रेमुळं.

देवळापासून थोडं पुढं बोट ढकलणाऱ्या पंख्यात जाळं गुंतलं. इंजिन बंद केलं, वर उचललं, आणि मी चाकू काढणार तोच काकांनी हात धरला. "कापायचं नाही ताई. कुणाचं तरी घर चालतंय त्याच्यावर." नायलॉनचा एकेक वेढा आम्ही हातानं उकलला. बराच वेळ गेला, बोट वाऱ्यानं हळूहळू सरकत होती, बाबा बांबूनं तोल धरून उभे होते. जाळं मोकळं झाल्यावर काकांनी जाळ्याच्या खुणेची तरंगणारी बाटली पुन्हा जागेवर सोडली. हे पाणी वापरायचं तर ही रीत पाळलीच पाहिजे. हौसेची बोट घेऊन आलेल्या माझ्यासारख्या पुणेकरानं तर नक्कीच.

डाळजच्या अलीकडं एका खाडीवजा कोपऱ्यात पाण्याचा रंग बदलला. हिरवट साय आणि वास. पुढं जलपर्णीचा पट्टा. तिथं सारखं थांबून इंजिनाची पाणी ओढायची जाळी साफ करावी लागली, नाहीतर धार बंद पडते. मी ज्या शहरात राहते त्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून मांजरीवरून जातं, रांजणगाव सांडसला भीमेला मिळतं आणि दौंडवरून इथं येऊन साचतं. हे मला वर्तमानपत्रातून माहीत होतं. आज ती साय माझ्या हाताला लागली. काका याच पाण्यात उभे राहून मासे धरतात, इंदापूर-करमाळ्याची गावं याच्यावर शेती करतात, सोलापूर हे पितं. पुण्यात आपण पाणी कपातीवर जेवढं बोलतो त्याच्या निम्मं तरी या पाण्याबद्दल बोलायला हवं. मला याची मनापासून लाज वाटली.

काठाजवळ पंपांच्या केबल आणि पाइप पाण्यात आत लांबवर आलेले असतात, म्हणून शेवटचं अंतर इंजिन उचलून बांबूनंच कापलं. वहिनीनं भाकरी, ठेचा आणि पिठलं तयार ठेवलं होतं. काकांना चुलतभाऊ मोटारसायकलवरून भिगवण स्टेशनला सोडून आला.

आता कामं. अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ चा आहे, नोंदणीचं मेरीटाईम बोर्डाकडं विचारायचं, मालकाचं नाव बदलून घ्यायचं आणि ते होईपर्यंत बोट बांधलेलीच ठेवायची. पाण्याची पातळी रोज बदलते तेव्हा दोर ढिला-घट्ट करायला भावाला सांगून ठेवलंय. जेवताना बाबा आणि काका यांचं ठरलं आहे की मे महिन्यात पाणी उतरलं की विहीर, भिंत आणि बाभळींचे बुंधे यांच्या जागी उंच बांबू रोवायचे आणि टोकाला लाल फडकं बांधायचं, म्हणजे रात्री-अपरात्री येणाऱ्या कुठल्याही होडीला कळेल. बाबांनी आत्ता माझ्याकडून आलेखाचा कागद मागून घेतलाय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ते जुन्या गावाचा आराखडा काढतायत, आणि मधेच हाक मारून विचारतायत की काकांचा फोन नंबर आहे ना, एक गोष्ट विचारायची राहिली.