गप्प बसा, दगड तापतोय

आमच्या ओव्हनच्या बटणावरचे आकडे पार पुसून गेलेत. परवा दुपारी ते लक्षात आलं आणि केकचं मिश्रण तसंच ठेवून मी अमेरिकेत न्यू मेक्सिकोत राहणाऱ्या झुनी या आदिवासी जमातीच्या बायकांचा विचार करत बसले. त्यांच्या अंगणातल्या घुमटाकार मातीच्या भट्ट्यांना बटणच नसतं. (भट्टी आणि गहू स्पॅनिश लोकांबरोबर आले, मका त्यांचा स्वतःचा.) आत लाकडं पेटवायची, निखारे ओढून काढायचे, ओल्या कुंच्यानं तळ साफ करायचा आणि थोडं पीठ टाकून बघायचं. लगेच काळं पडलं तर थांबा. सावकाश तांबूस झालं तर पाव आत सरकवा, तोंडाशी दगड लावा. हिवाळ्याच्या तोंडावर शालाकोचा उत्सव आला की या भट्ट्यांना उसंत नसते.

माझी आजी तव्यावर पाण्याचा हबका मारून चर्र ऐकायची. ऐकायची म्हणजे अगदी कान देऊन. आम्ही पोरं कलकलाट करायला लागलो की उलथनं उगारून म्हणायची, "गप्प बसा रे, तवा ऐकू दे!" ते खूळ माझ्यात उतरलंय. घावन घालताना माझ्याशी कुणी बोललेलं खपत नाही. घरात टिंगल होते, होऊ दे.

म्हणूनच हेवेबद्दल वाचलं आणि जीव सुखावला. हेवे ही झुनींची मक्याची कागदासारखी पातळ भाकरी. खाली विस्तव, वर घासून गुळगुळीत केलेली शिळा, आणि पातळ पीठ पसरायचं ते थेट हातानं, एका झपाट्यात. हात रेंगाळला की भाजलाच. कडा सुटल्या की पापुद्रा उचलायचा, लगेच पुढचा हात. आणि मुख्य म्हणजे, नवी शिळा तापवून तयार करताना मोठ्यानं बोलायची बंदी! कुजबुजायचं फार तर. नाहीतर शिळा तडकते म्हणे. आजीला हे कळायला हवं होतं.

हे सगळं फ्रँक कुशिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं टिपून ठेवलं. गडी 1879 मध्ये थोड्या दिवसांसाठी तिथं गेला आणि 1884 पर्यंत राहिला. मग गिरणीवाल्यांच्या एका मासिकात झुनींच्या धान्यावर आणि भाकऱ्यांवर लांबलचक लेखमाला लिहिली. जाडं, मध्यम, बारीक दळायचे ओळीनं मांडलेले पाटे, त्यांच्यापुढे गुडघे टेकून गात दळणाऱ्या मुली, सगळं सगळं. त्या बायकांपैकी कुणी लिहिलं असतं तर बहुधा तीन ओळींत आटोपलं असतं : दगड तापू दे. गप्प बस. हात लवकर उचल.