पॉवर स्टेअरिंगची कुईं: पंप काढण्याआधी हवा शोधणे (कामाची नोंद)

गाडी जुनी, पंप बेल्टवर चालणारा, ऑइलची टाकी पंपापासून वेगळी. तक्रार अशी: थंड इंजिन सुरू केलं की कुईं, रेस दिली की सूर चढतो, आणि जागेवर स्टेअरिंग फिरवलं की तोच सूर कण्हल्यासारखा होतो. खाली एक थेंब नाही. टाकीतली पातळी दोन्ही खुणांच्या मध्ये. अशा गाडीवर बहुतेक वेळा ‘पंप गेला’ असा शेरा बसतो आणि नवा पंप बसवल्यावरही आवाज तसाच राहतो. म्हणून इथे पंपाला शेवटपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवून काम सुरू केलं.

आवाज ओळखणे

इंजिनच्या वेगाबरोबर सूर चढत असेल तर बेल्ट, पंप किंवा ऑइलमधली हवा, या तिघांतच शोधायचं. खड्ड्यात किंवा स्टेअरिंगची दिशा बदलताना ‘टक्’ होत असेल तर तो टाय रॉड, रॅकची बुश किंवा कॉलमच्या सांध्याचा विषय, वेगळा. फुल लॉकवर (स्टेअरिंग अगदी टोकाला) येणारा गुरगुराट रिलीफ व्हॉल्व्हचा (जास्तीचा दाब सोडणारी झडप) असतो, तो चांगल्या गाडीतही येतो. तिथे पाच सेकंदांच्या वर धरून ठेवू नका, ऑइल भराभर तापतं.

बेल्टची परीक्षा सोपी. चालू इंजिनवर बेल्टच्या आतल्या बाजूला, हात आणि कपडे दूर ठेवून, बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारायचा. किंचाळणं वाढलं तर ताण कमी. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुली एका रेषेत नाहीत. या गाडीत दोन्ही झालं नाही, कुईं जशीच्या तशी.

मग बेल्ट उतरवून इंजिन १५ सेकंद चालवलं. आवाज बंद. म्हणजे तो पंपाच्या बाजूनेच येतो हे नक्की, पण पंपच खराब आहे हे अजून नक्की नाही. (त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल तर अर्ध्या मिनिटाच्या वर चालवू नका.) पुली हाताने फिरवली: खरखर नाही, वरखाली हलवून खेळ नाही. बेअरिंग ठीक.

टाकीत डोकावणे

झाकण काढून, इंजिन आयडलवर (रेस न देता) ठेवून, टॉर्चने पाहिलं. लाल ऑइल गुलाबट-दुधाळ दिसत होतं, कडेला पिठासारखे बारीक बुडबुडे. पाच मिनिटं इंजिन बंद ठेवल्यावर रंग परत गडद लाल. हा बदल हवेचा. पाणी शिरलं असतं तर दुधाळपणा इतक्या लवकर गेला नसता.

हवा मोजायची एक बिनखर्चाची रीत आहे. इंजिन चालू असताना पातळीवर टाकीला बाहेरून चिकटपट्टीची खूण करायची, मग इंजिन बंद करून पातळी किती वर चढते ते पाहायचं. दाबाखाली आवळलेली हवा दाब गेला की फुगते आणि ऑइलला टाकीत ढकलते. इथे पातळी १३ मिमी चढली. ५ मिमीच्या वर गेली की हवा आहेच असं धरून चाला.

आता मुद्द्याची गोष्ट. टाकीपासून पंपापर्यंतच्या होजमध्ये दाब नसतो, उलट पंप ओढत असतो. त्या बाजूची फट इंजिन चालू असताना ऑइल बाहेर सोडत नाही, हवा आत घेते. बंद असताना टाकीची उंची जेमतेम वीतभर, तेवढ्या दाबाने जाड ऑइल केसाएवढ्या फटीतून येत नाही. म्हणून खालची जमीन कोरडी आणि ऑइलला फेस, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. संशयित चार: टाकीकडचा क्लॅम्प, पंपाकडचा क्लॅम्प, पंपाच्या सक्शन (ओढीच्या) नळीखालची ओरिंग (रबरी कडं), आणि पुलीमागचं शाफ्ट सील.

एकेका सांध्याभोवती जाड ग्रीस थापून प्रत्येक वेळी कान दिला. टाकीकडे फरक नाही. सक्शन नळी जिथे पंपाच्या अंगात शिरते तिथे ग्रीस लावल्यावर दहा-बारा सेकंदांत सूर खाली आला. ग्रीसमध्ये टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडलेला दिसत होता, हवा तिथूनच आत जात होती.

उघडल्यावर

नळीचा एक बोल्ट काढला. ओरिंग चौकोनी झालेली, नख लावलं तर प्लास्टिकसारखी टणक. नवी घेताना जुनीची जाडी मोजू नका, ती चपटीच असते. खोबणीची खोली मोजा आणि ओरिंगचा छेद त्याहून साधारण एक चतुर्थांश जाड घ्या. रबर नायट्राइल. ईपीडीएम जातीचं रबर खनिज ऑइलमध्ये फुगतं. रेडिएटरचा ईपीडीएमचा होज सक्शनला चालत नाही तो याच कारणाने, व्यास जुळला तरी.

सक्शन होजही बदलला. वरून बरा दिसत होता, पण क्लॅम्पखाली दाबाची खोल खूण आणि वाकवल्यावर आत लांबट चिरा. ऑइलसाठीचा आणि ओढीने चपटा न होणारा होज हवा, साधा पातळ नको. क्लॅम्प नळीच्या उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, उंचवट्यावर नाही. ही चूक फार होते आणि बाहेरून कळत नाही.

टाकीच्या तळाची जाळी करड्या गाळाने अर्धी बुजलेली होती. जाळी बुजली की पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाही आणि फट नसली तरी तीच कुईं येते, थंडीत जास्त. टाकी काढून ब्रेक क्लीनरने उलट बाजूने धुतली, पूर्ण वाळवली. काही टाक्यांत जाळी आतच बंद केलेली असते, धुऊन मोकळी झाली नाही तर टाकी बदलावी लागते.

ऑइल बदलणे आणि हवा काढणे

आधी झाकणावरचं वाचा. बऱ्याच जुन्या गाड्यांत डेक्सरॉन जातीचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, काहींना हिरवं सीएचएफ (हायड्रॉलिक ऑइल) लागतं, त्यांची भेसळ नको. ब्रेक ऑइल चुकूनही नाही, सगळी सील जातात.

पुढची चाकं जॅक स्टँडवर उचलली. रिटर्न होज (ऑइल टाकीत परत आणणारा) टाकीपासून सोडून बाटलीत, टाकीचं उघडं तोंड बुचाने बंद. इंजिन बंदच ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवत राहायचं, दुसऱ्याने टाकी भरत राहायची. इंजिन चालू करून हे करू नका: आयडललाही पंप मिनिटाला काही लिटर फेकतो, टाकी सेकंदांत कोरडी पडते आणि पंपाची पाती सुकी घासतात. दोन लिटर गेल्यावर स्वच्छ लाल यायला लागलं.

रिटर्न जोडल्यावर परत इंजिन बंद ठेवून स्टेअरिंगच्या टोकापासून टोकापर्यंत २५ फेऱ्या. पहिल्या दहा फेऱ्यांत मोठे बुडबुडे, मग बारीक. पंधरा मिनिटं थांबून इंजिन सुरू, आयडललाच पाच फेऱ्या, टोकाला न टेकवता. बंद, पुन्हा थांबणं. इथे घाई केली की मोठा बुडबुडा पंपात कुटून हजार बारीक होतात आणि ते निघायला रात्र जाते. हाताचा व्हॅक्यूम पंप आणि टाकीच्या तोंडात बसणारं रबरी बूच असेल तर काम निम्म्या वेळात होतं.

सध्याची स्थिती

पातळीची उडी १३ मिमीवरून २ मिमीवर. थंड सुरुवातीची कुईं गेली. जागेवर फिरवताना हलका गुणगुणाट उरला आहे, पण तो केबिनमध्येच ऐकू येतो, बॉनेट उघडून नाही. प्रेशर होज (पंपातून दाबाचं ऑइल पुढे नेणारा) एका जागी बॉडीला टेकतोय, तिथला रबरी क्लिप तुटलेला. क्लिप बसवून अंगठाभर अंतर ठेवायचं आहे. होज बदलावा लागला तर मूळ नमुन्याचाच घ्यायचा: काही प्रेशर होजमध्ये थरथर मारायला आत आणखी एक नळी असते, नुसता लांबी जुळवून बनवलेला होज त्याशिवाय गातो. त्याच वेळी बँजो बोल्टचे (होज जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही वॉशर नवे.

शाफ्ट सील अजून जुनंच आहे. ५०० किमीनंतर पातळीची उडी परत मोजायची. वाढली तर पुली काढायची, पुलरनेच, हातोड्याने नाही.