खातं होतं, पण सापडत नव्हतं

नागपुरात कळमन्याच्या संत्रा मार्केटमधे एका अडत्याकडे आम्ही बसवलेलं हिशोबाचं सॉफ्टवेअर चालतं. आंबिया बहाराच्या ऐन सीझनमधे तिथून फोन आला की समजायचं, काहीतरी खरंच अडलंय, कारण काटोल, नरखेड, वरूडकडच्या गाड्या लागलेल्या असतात, लिलाव झाला की शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, हातात हवी असते आणि त्या गडबडीत कोणी उगाच फोन करत नाही.

मुनीमकाका म्हणाले, "भाऊ, खातं दाखवूनच नाही राहिलं जी. मागच्या हप्त्यात याच खात्यावर उचल चढवली ना मी."

आमच्या सपोर्टच्या पोराने आधी त्यांना नंबर नीट टाका म्हणून सांगितलं होतं, ते मला अजिबात आवडलं नाही. जो माणूस वर्षानुवर्षं दिवसभर खाते नंबर टाकतो तो चुकीचा टाकत असेल हे आधीच धरून कसं चालायचं?

मी गाडी काढली आणि थेट मार्केटला गेलो. खाते नंबर गावाचा कोड, मधे हायफन आणि मग शेतकऱ्याचा क्रमांक असा, म्हणजे 14-2 वगैरे, आणि कॉलम टेक्स्ट, म्हणजे नंबर आकडा म्हणून नाही तर अक्षरं म्हणून साठवलेला. क्वेरी मारली, म्हणजे डेटाबेसला तो नंबर विचारला, तर शून्य रो, एकही नोंद नाही. डेटाबेस असा शोध बहुतेक वेळा इंडेक्समधून घेतो, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारख्या क्रमवार यादीतून. मग सेशनपुरते इंडेक्स स्कॅन, इंडेक्स ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन तिन्ही बंद करून तीच क्वेरी परत मारली, म्हणजे पोस्टग्रेसला (आमचा डेटाबेस) अख्खं टेबल वाचणं भाग पडावं. तर रो समोर हजर! नाव, गाव, उचल, सगळं जागच्या जागी. अंगावर काटा आला, कारण टेबल खरं बोलतंय आणि इंडेक्स खोटं, याचा अर्थ मामला एका खात्याचा नाही.

काकांना विचारलं, एवढ्यात काही बदललं का? तर म्हणाले, सर्व्हर नवीन आला ना, होस्टिंगवाल्यांनी शिफ्ट केला. विचारलं तेव्हा कळलं की जुन्या मशीनवर ऑपरेटिंग सिस्टम उबंटू 18.04, नवीवर 20.04, आणि डेटा डम्प-रिस्टोर (बाहेर काढून नव्याने भरणं) न करता रेप्लिकेशनने फाइली जशाच्या तशा आणलेल्या. इथेच मेख होती. पोस्टग्रेस शब्दांचा क्रम बाय डिफॉल्ट ऑपरेटिंग सिस्टमच्या जीलिबसी लायब्ररीला विचारतं, आणि 2018 च्या 2.28 आवृत्तीत हे क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. 18.04 मधे 2.27 आहे, 20.04 मधे 2.31. आधी 11 पहिले यायचं आणि 1-1 नंतर, आता 1-1 पहिले आणि 11 नंतर. बी-ट्री इंडेक्स (पोस्टग्रेसचा नेहमीचा इंडेक्स) तर क्रमावरच उभा असतो, मग जुन्या क्रमाने लावलेल्या कपाटात नव्या क्रमाने फाइल शोधायला गेल्यासारखं होतं, फाइल आत असूनही हाताला लागत नाही. डम्प घेऊन रिस्टोर केलं असतं तर इंडेक्स नव्याने बनले असते आणि हे झालंच नसतं.

इंडेक्स तपासणारं एमचेक एक्स्टेन्शन लावून तपासलं, टेक्स्टवरचे बरेच इंडेक्स क्रम बिघडलेले निघाले. आमच्या डेटाबेसवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर पुण्याच्या एका ताईंनी लगेच कळवलं, युनिक इंडेक्स (एकच नंबर दोनदा घेऊ न देणारा) सांभाळ, तिथे रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं, अडकेल. आणि अडकलंच, की डुप्लिकेट आहे म्हणून. कारण खातं दिसत नाही म्हटल्यावर दुसऱ्या काउंटरवरच्या पोराने तेच नंबर टाकून नवीन खाती उघडली होती, आणि युनिक इंडेक्सलाही जुनं खातं दिसत नसल्यामुळे त्याने मुकाट घेऊ दिली.

आता हा भाग एसक्यूएलचा नव्हता. नरखेडच्या एका शेतकऱ्याची उचल जुन्या खात्यात राहिली आणि नव्या खात्यावर उचल न कापता पट्टी पूर्ण निघून गेली. दुसऱ्याचं उलटं, त्याचे अडत्याकडून पैसे येणं बाकी होतं आणि स्क्रीनवर शून्य. तो बिचारा काउंटरसमोर उभा राहून सांगत होता, "माहे पैसे हायेत ना बापा," आणि कोणी ऐकत नव्हतं. त्याचं खरं होतं. हे मी अडत्याला सगळ्यांसमोर सांगितलं, मुद्दाम.

नवीन नोंदी थांबवल्या, बॅकअप घेतला, आणि काका वही उघडून बसले, मी स्क्रीनवर. एकेक जोडी वाचायची, कोणती नोंद कोणत्या खात्यात जाते ते ते सांगणार, मी हलवणार. स्क्रिप्टने आपोआप जोडून टाकायला मी साफ नकार दिला, लोकांचा पैसा आहे तो. सगळ्या जोड्या मिटल्यावर रीइंडेक्स झालं, एमचेक परत चालवलं, यावेळी एकही एरर नाही, आणि मग थांबलेल्या पट्ट्या निघायला लागल्या. ज्याचे पैसे बाकी होते त्याची पट्टी काकांनी सगळ्यात आधी काढली.

रात्री ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. अमरावतीच्या एका मित्राने त्याच्याकडचा शिफ्ट झालेला सर्व्हर तपासला, त्याच्याकडेही दोन इंडेक्स बिघडलेले. त्याच्याकडे अजून कोणाची तक्रार आली नव्हती. तुमच्यापैकी कोणी फाइली अशाच उचलून नव्या मशीनवर नेल्या असतील तर दोन्हीकडची जीलिबसी आवृत्ती बघा, आणि एमचेक आजच चालवा.