जुलैचं पुस्तक : माझा अनुभव

दीड महिना झाला, तरी वाचनालयातल्या त्या बंद कपाटाची किल्ली आठवली की माझं डोकं तापतं. म्हणून लिहून काढतेय. आणखी कुणी महिन्याला एक पुस्तक वाचायचं ठरवलं असेल तर तिला उपयोग होईल.

आमच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर हे जानेवारीत ठरलं. दर महिन्याला एक विषय, पुस्तक जिचं तिनं शोधायचं, आणि महिनाअखेरीला त्यावर दहा ओळी लिहायच्या. अट एकच, आधी वाचलेलं पुस्तक चालणार नाही. ही अट साधी वाटते, पण सगळी धावाधाव तिच्यामुळेच होते. जानेवारीचा विषय होता कोकणातली कादंबरी. अकरा जणींपैकी सात जणींनी मला 'गारंबीचा बापू' सुचवलं आणि ते मी कॉलेजात असतानाच वाचलेलं होतं. शेवटी गो. नी. दांडेकरांचं 'पडघवली' घेतलं. फेब्रुवारीत आरती प्रभूंच्या कविता, मार्चमध्ये लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. एप्रिल ते जून कसे गेले कळलंही नाही. जुलैचा विषय आला, भाषांतरित पुस्तक, आणि तिथे माझी गाडी अडली.

ग्रुपवर विचारलं, "चांगलं भाषांतर सुचवा." दोन दिवसांत चौदा नावं आली. त्यातली नऊ पैसे कसे मिळवावे, सवयी कशा लावाव्या, यश कसं मिळवावं अशी. मला गोष्ट हवी होती. मग माझी चूक लक्षात आली. "चांगलं पुस्तक सांगा" म्हटलं की समोरची व्यक्ती सगळ्यांना माहीत असलेलं नाव सांगून मोकळी होते. मी प्रश्न बदलला. लिहिलं, "आमच्या शेजारी आबा आहेत, पंच्याहत्तरीचे. आयुष्यभर रापणीचं जाळं ओढलं, होडी घेऊन गरवायला (गरीनं मासे धरायला) गेले. आता डोळ्यांना दिसत नाही, आणि मासेमारीच्या बंदीत होड्या ओढून वर ठेवल्यात म्हणून दिवसभर पडवीत बसून असतात. त्यांना वाचून दाखवता येईल असं काहीतरी सांगा." दहा मिनिटांत रत्नागिरीच्या मैत्रिणीचं उत्तर आलं, 'एका कोळियाने'. हेमिंग्वेची 1952 सालची छोटी कादंबरी, मराठीत पु. ल. देशपांड्यांनी आणलेली. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा पंच्याऐंशीव्या दिवशी एकटा खोल समुद्रात जातो. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत वाचायला याहून चांगलं पुस्तक मला तरी सुचलं नसतं.

इथे एक सांगून ठेवते, नाहीतर विसरेन. महिना आणि पुस्तकाची जाडी जुळवून बघा. आमच्या एकीनं फेब्रुवारीत 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड आणून ठेवले. पुस्तक सुंदरच आहे, पण अठ्ठावीस दिवसांत बिचारीचा पहिला खंडही संपला नाही.

तर, पुस्तक ठरलं. मी ज्या वाचनालयाची बावीस वर्षं सभासद आहे (नाव लिहीत नाही), तिथे 4 जुलैला गेले. एसटीनं पाऊण तास, वर धो धो पाऊस. पु. लं.ची पुस्तकं ज्या फळीवर आहेत तिथे नव्हतं. भाषांतराच्या कपाटात बघितलं, तिथे ग्रुपवरच्या त्या नऊ नावांसारखीच पैसे-सवयी-यशाची पुस्तकं दोन-दोन प्रतींत. टेबलावर सांगितलं तर उत्तर आलं, "बाहेर गेलं असेल." कुणाकडे ते देवघेवीच्या वहीत सापडेना. मी म्हटलं, मला दाखल नोंदवही बघू दे. "एवढ्या जुन्या वह्या कोण काढणार?" मी काढते म्हटलं. दाखल नोंदवहीत पुस्तकं आली त्या क्रमानं चढवलेली असतात, लेखकाच्या नावानं नसतात, त्यामुळे बोट ठेवून एकेक ओळ वाचण्याला इलाज नाही. पहिली दुपार त्यात गेली. दुसऱ्या खेपेला, 9 तारखेला, तिसऱ्या वहीत नोंद सापडली. निळ्या शाईत स्वच्छ अक्षरात नाव, लेखक, पानं, किंमत, सगळं होतं. म्हणजे पुस्तक वाचनालयाचं होतं, वर्गणीच्या पैशांतून घेतलेलं होतं.

"मग हरवलं असेल," टेबलावरून सांगण्यात आलं. "सेक्रेटरींच्या नावे अर्ज द्या, पुढच्या मीटिंगला ठेवू." पुढची मीटिंग ऑगस्टात. मी अर्ज दिला, आणि अर्जाची पोच मागितली तेव्हा माझ्याकडे असं बघण्यात आलं की मी वाचनालयाचा सातबाराच मागतेय. मला इतका राग आला होता की परतीच्या एसटीत मी खिडकी उघडी ठेवूनच बसले आणि निम्मी भिजले. विकतही घेता आलं असतं. कुडाळच्या दुकानात विचारलं होतं, मागवायला दहा-बारा दिवस लागतील म्हणाले. पण आपल्याच वाचनालयाच्या वहीत नोंद असलेलं पुस्तक मिळू नये, हे मला सोडवेना.

16 तारखेला तिसरी खेप. फळ्या पुसायला येणाऱ्या मावशी माझी शोधाशोध बघत होत्या. त्यांनी विचारलं, "नाव काय गो पुस्तकाचा?" मी सांगितलं. फडका खांद्यावर टाकून त्या म्हणाल्या, "कोळियाचा गाणा म्हणान पोरांच्या कपाटात ठेवल्यानी असतला. थंय बघलंस?"

मी परत नोंदवही उघडली. शेवटच्या रकान्यात वर्गवारी होती. मी दोन दिवस नाव आणि लेखकच बघत होते, तो रकाना बघितलाच नव्हता. लिहिलं होतं, 'बाल'. लहानपणी सगळ्यांनी पाठ केलेली जाळं विणणाऱ्या कोळ्याची कविता कुणाच्या तरी डोक्यात होती. त्यानं पुस्तक न उघडता नुसत्या नावावरून समुद्रातला कोळी भिंतीवरचा कोळी करून टाकला.

आणि ते मुलांचं कपाट कुलूपबंद. का, तर मुलं पुस्तकं विस्कटतात. किल्ली मंडळातल्या एका सदस्यांकडे आणि ते मुंबईला मुलाकडे गेलेले. काचेतून मला आतली पुस्तकं दिसत होती, दुसऱ्या रांगेत एक पातळ कणा होता, त्यावरची अक्षरं वाचता येत नव्हती. तेरा दिवस मी त्या कण्याचा विचार करत होते. मुलांचं कपाट बंद ठेवणाऱ्यांना मला मनापासून सांगायचंय, विस्कटलेली पुस्तकं परत लावता येतात.

29 जुलैला किल्ली आली. डांबराच्या गोळ्यांचा वास, कडेला कसरीनं खाल्लेलं मुखपृष्ठ, आणि मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर फक्त दोन शिक्के. मी ते ओट्यावर ठेवून रात्री दोनपर्यंत वाचलं, दुसऱ्या दिवशी संपवलं, 31 तारखेला रात्री साडेअकराला दहा ओळी ग्रुपवर टाकल्या. मुदतीत. त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

त्या चिठ्ठीवरून आठवलं. ज्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर लागोपाठच्या तारखांचे भरपूर शिक्के असतील ते बिनधास्त घ्या, लोकांनी ते परत परत नेलेलं असतं. पुस्तकं परत करायच्या वेळेला टेबलाजवळ थोडं उभं राहा आणि परत करणाऱ्याला विचारा, हे पूर्ण वाचलंत का? त्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं. भाषांतर शोधताना मूळ लेखक आणि अनुवादक दोन्ही नावं लिहून न्या, कारण कुठल्या नावानं लावलं असेल सांगता येत नाही. आणि वर्गवारीचा रकाना आधी बघा. साहित्य अकादमी 1989 पासून भाषांतरासाठी वेगळा पुरस्कार देते, ती यादी मला ऑगस्टात एकीनं पाठवली. जुलैत कुणी सांगितली असती तर ग्रुपवरच्या त्या नऊ नावांत माझे दोन दिवस गेले नसते. राम पटवर्धनांचं 'पाडस' अजून वाचलं नसेल तर भाषांतराच्या महिन्यासाठी राखून ठेवा.

5 ऑगस्टला मी वाचनालयात जाऊन पुस्तकाची मुदत वाढवून घेतली आणि समोर उभं राहून 'बाल'वर रेघ मारून 'अनुवाद' लिहून घेतलं. मावशींनी फडका थांबवून बघितलं.

मुदत वाढवली ती आबांसाठी. नारळी पौर्णिमेनंतर पोरं समुद्रात जायला लागली, आबा एकटेच पडवीत. मी रोज संध्याकाळी दहा-बारा पानं वाचते. मासा गरीला लागून होडी ओढत नेतो, म्हाताऱ्याच्या तळहातावरून दोरी सरसरत जाते, ते वाचत होते तेव्हा आबांनी आपला उजवा तळहात उघडून माझ्यासमोर धरला. करंगळीखाली आडवा पांढरा वण होता. इतकी वर्षं शेजारी राहून तो मी कधी बघितला नव्हता.

"हात फाटलो तरी दोरी सोडूची नाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "ह्या कोणी लिवल्यान? तो सोता गरवूक गेलेलो असतलो."

मी सांगितलं, होय आबानू, जायचा. क्यूबात राहायचा, स्वतःची बोट होती. त्यांनी मान हलवली आणि पुढे वाच म्हणाले. काल शार्क आले तिथे थांबलो. शेवटची पंधरा पानं राहिलीत.