पत्त्यावर शिल्लक शून्य

जून २०२२. बिटकॉइन वीस हजार डॉलरच्या खाली घसरल्याची बातमी शनिवारी दिवसभर टीव्हीवर होती आणि सोमवारी सकाळी ठाण्याच्या नौपाड्यातलं माझं ऑफिस उघडण्याआधीच दोघे भाऊ जिन्यात येऊन उभे होते. थोरल्यांच्या मागे त्यांची मुलगी, काखेत लॅपटॉप घेऊन.

जांभळी नाक्याजवळ त्यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. अठरा वर्षं त्याचे हिशेब मी बघते. एवढ्या वर्षांत हे दोघे एकमेकांपासून लांब खुर्च्या ओढून बसलेले मी पाहिले नव्हते. (त्यांची ओळख राहू नये म्हणून रकमा आणि काही तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, याने अकरा-बारा लाख गायब केलेत," थोरले म्हणाले. "दुकानाची पुस्तकं तुम्ही बघता, आता हेही बघा. नाहीतर वाटणीचे कागद करायला घ्या."

धाकटे मान खाली घालून एवढंच म्हणाले, "दादा, ॲपमध्ये अजून दिसतायत रे."

"ॲप तुझं, लॅपटॉप तुझा. त्यात काय दिसेल ते मी काय सांगू?"

गोष्ट अशी होती. २०१७ च्या सुरुवातीला दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून ०.८ बिटकॉइन घेतले. वॉलेट, म्हणजे बिटकॉइनच्या किल्ल्या सांभाळणारं ॲप, धाकट्यांच्या लॅपटॉपवर. थोरल्यांनी वॉलेटचा पत्ता आपल्या डायरीत उतरवून ठेवला. पाच वर्षं कुणी हात लावला नाही. मार्चअखेर वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यातले ०.०५ विकायचं दोघांनी मिळून ठरवलं. पावणेदोन लाख आले, बिल भागलं. तिथवर सगळं ठीक. शनिवारची बातमी ऐकून थोरल्यांनी डायरी मुलीच्या हातात दिली, "आपलं किती उरलंय बघ गं." तिने एक्सप्लोररवर, म्हणजे बिटकॉइनचे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, पत्ता टाकला. शिल्लक शून्य. एकाच व्यवहारात ०.०५ एका पत्त्यावर गेलेले आणि ०.७४९९७७४० दुसऱ्याच, घरात कुणी कधी न पाहिलेल्या पत्त्यावर. वेळ ३१ मार्च, सात वाजून काही मिनिटं.

थोरल्यांचा सगळा राग त्या वेळेवर होता. "त्या दिवशी सात वाजता हा माझ्यासमोर दुकानात स्टॉक मोजत होता. मला सांगतो रात्री घरी गेल्यावर पाठवले. मग सात वाजता पाठवले कुणी?"

दोघेही खरं बोलतायत, हे मला पाच मिनिटांत जवळजवळ कळलं. पण 'जवळजवळ'वर मी सही करत नाही.

मुलीला मी एक्सप्लोररचं रंगीत, बाणांचं पान बंद करायला सांगितलं. ते पान म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी लावलेला अर्थ असतो. मला मूळ व्हाउचर हवं होतं, म्हणजे कच्चा व्यवहार. तो उघडला की नुसती अक्षरांची माळ दिसते: हा २२३ बाइटांचा होता, दर बाइटाला दोन अक्षरं, म्हणजे ४४६ अक्षरं. आम्ही त्याची प्रिंट काढली आणि मी पेन्सिलीने तुकडे पाडायला घेतले. हे मी लॉकडाउनमध्ये शिकले, अशाच प्रिंटवर, एकेक बाइट मोजत. अशील क्रिप्टोचे कागद घेऊन यायला लागले होते आणि दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरने काढलेल्या बेरजेवर विसंबून विवरणपत्र भरायला मन धजत नव्हतं.

पहिले चार बाइट आवृत्तीचे. मग आवक किती, तर एक. पुढचे बत्तीस बाइट आधीच्या कुठल्या व्यवहारातून ही रक्कम आली त्याचा क्रमांक, त्यानंतर त्या व्यवहारातली कितवी जावक ते चार बाइटांत. मग सही आणि सार्वजनिक किल्ली. मग जावक किती, तर दोन. पहिल्या जावकेपुढे आठ बाइट: ४० ४बी ४सी आणि पुढे पाच शून्यजोड्या. हे उलटे वाचायचे असतात, शेवटाकडून. ४सी ४बी ४० ही सोळाच्या पटीत लिहिलेली संख्या, तिचे आपल्या दशमान पद्धतीत होतात पन्नास लाख. पन्नास लाख सातोशी. एका बिटकॉइनमध्ये दहा कोटी सातोशी, म्हणजे झाले ०.०५. थोरल्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर भागाकार करून पाहिला.

मग मी त्यांना विचारलं, "यात तुमचं नाव कुठे दिसतंय? यांचं? 'शिल्लक' असा रकाना?"

नव्हताच. बिटकॉइनच्या व्यवहारात नाव नसतं, खात्यातली शिल्लक नसते, 'कोणाकडून' असा रकानाही नसतो. फक्त आधीच्या एका जावकेकडे बोट दाखवलेलं असतं आणि ती अख्खी खर्ची पडते. अर्धी खर्च करण्याची सोयच नाही.

इथे मला त्यांच्याच दुकानाचा उपयोग झाला. "नव्वद मीटरचं वायरचं बंडल. गिऱ्हाइकाला पाच मीटर हवी. तुम्ही काय करता?"

"बंडल फोडतो, पाच मीटर कापून देतो, उरलेली गुंडाळून कट-पीसच्या खुंटीवर."

"आणि नव्वद मीटरच्या सीलबंद बंडलाच्या जागी कुणी बघितलं तर?"

"तिथे काही नसणार." ते थांबले.

०.८ चं बंडल फुटलं होतं. ०.०५ एक्सचेंजकडे, म्हणजे बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराकडे, गेले. उरलेले वॉलेटने स्वतःहून एका नव्या पत्त्यावर बांधून ठेवले. जुनाच पत्ता पुन्हा वापरला तर आपला सगळा व्यवहार कुणालाही सलग वाचता येतो, म्हणून बरीच वॉलेट्स असं करतात. मधले ०.००००२२६०, म्हणजे २,२६० सातोशी, हे व्यवहार नोंदवून घेणाऱ्याचं, म्हणजे खाणकाम करणाऱ्याचं, शुल्क. तेही व्यवहारात कुठे लिहिलेलं नसतं. आवकेतून जावक वजा करायची, उरेल ते शुल्क. आणि आवकेची रक्कमही या कागदावर नाही, त्यासाठी २०१७ चा व्यवहार काढावा लागला.

मग वेळ. व्यवहाराच्या २२३ बाइटांत तारीख नसते. शेवटच्या चार बाइटांत एका ब्लॉकचा, म्हणजे बरेच व्यवहार एकत्र नोंदवलेल्या पानाचा, क्रमांक होता, म्हणजे 'याच्या आधी हा व्यवहार घेऊ नये' अशी सूचना. त्यांचं वॉलेट, इलेक्ट्रम, ती आपोआप घालतं. तारीख असते ती ब्लॉकच्या मथळ्यात. मथळा अवघ्या ८० बाइटांचा, त्यातले चार वेळेचे: १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले तो आकडा. आमच्या ब्लॉकचा आकडा १६४८७५ ने सुरू होत होता. एक्सप्लोरर त्याची वेळ ग्रीनिचच्या घड्याळाने दाखवत होता. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. त्यात साडेपाच तास मिळवले.

"बारा चाळीस," मुलगी म्हणाली. "पप्पा, रात्रीचे. एक एप्रिल लागला होता."

ही वेळसुद्धा मिनिटाच्या बोलीवर धरायची नसते हे मी त्यांना सांगितलं. आधीच्या अकरा ब्लॉकांच्या मधल्या वेळेपेक्षा पुढची असावी आणि दोन तासांहून जास्त भविष्यातली नसावी, एवढंच बंधन आहे. पण सात आणि पावणेएकमधला फरक तेवढ्याने पुसला जात नाही.

थोरले मुरलेले व्यापारी. त्यांनी योग्य तोच प्रश्न विचारला: "नंतर पान बदललं नसेल कशावरून?"

मला हा प्रश्न फार आवडतो. मथळ्यात आधीच्या ब्लॉकचा ठसा, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला आकडा, असतो आणि त्या ब्लॉकमधल्या सगळ्या व्यवहारांचा मिळून एक ठसा असतो, बत्तीस बत्तीस बाइटांचे. एक सातोशी इकडची तिकडे केली तर व्यवहाराचा क्रमांक बदलतो, त्याने व्यवहारांचा ठसा, त्याने मथळा, आणि मग त्यावर रचलेला प्रत्येक ब्लॉक खोटा पडतो. ३१ मार्चपासून त्या दिवसापर्यंत अकरा हजारांहून जास्त ब्लॉक वर चढले होते. एवढं काम ठाण्याच्या काय, कुठल्याच गावच्या लॅपटॉपने परत करता येत नाही.

तरी खरा मुद्दा बाकीच होता. तो अनोळखी पत्ता यांचाच कशावरून? खुणा होत्या: ०.०५ ही गोल रक्कम आणि तिचा पत्ता '३' ने सुरू होणारा. दुसरी रक्कम वेडीवाकडी आणि तिचा पत्ता जुन्यासारखाच '१' चा. तपास करणारे याच खुणांवरून उरलेली रक्कम कुठली ते ठरवतात. पण त्या खुणाच. दोन भावांमधला विश्वास खुणांवर तोलायचा नाही, असं माझं मत आहे.

म्हणून मी सही मागितली. पत्त्याची खासगी किल्ली ज्याच्याकडे, त्यालाच त्या पत्त्याच्या नावाने मजकुरावर सही करता येते. तपासणाऱ्याला किल्ली दाखवावी लागत नाही. मजकूर थोरल्यांच्या मुलीने निवडला, म्हणजे आधी करून ठेवायची सोय नाही. तिने कागदावर लिहिलं: 'आजोबा आज तलावपाळीपर्यंत चालले.' धाकट्यांनी ते टंकून, तो अनोळखी पत्ता निवडून सही केली. ज्यांवरून अख्खं वॉलेट उघडतं ते बारा शब्द कुणालाही सांगायचे नाहीत, मलाही नाही, हे मी आधीच बजावलं होतं. मुलीने तिच्या लॅपटॉपवर नव्याने उतरवलेल्या इलेक्ट्रममध्ये पत्ता, मजकूर, सही चिकटवली.

सही बरोबर निघाली.

"परत कर," थोरले म्हणाले. "मजकुरात एक शब्द बदल." तिने 'आज'चं 'काल' केलं. सही चूक. पुन्हा 'आज'. बरोबर.

ते बराच वेळ त्या प्रिंटकडे बघत होते. धाकट्यांनी रुमालाने चष्मा पुसला. त्या घटकेला मला माझ्या कामाबद्दल जे वाटलं, ते एखादं मोठं अपील जिंकूनही वाटलं नव्हतं.

उरलेली गोष्ट कराची होती आणि ती मी थोडक्यात सांगितली. एक्सचेंजवर नेणं म्हणजे विक्री नव्हे, पण विक्री १ एप्रिलला झाली होती, आणि त्याच दिवसापासून असल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के लागू झाले. विकण्याआधी एक फोन केला असता तर मी त्यांना आठवडाभर आधी विकायला सांगितलं असतं. दोघांनी निम्मा निम्मा नफा आपापल्या विवरणपत्रात दाखवायचा असं ठरलं.

निघताना थोरल्यांनी खिशातून डायरी काढली आणि धाकट्यांकडे सरकवली. "तू वाच, मी लिहितो." जुन्या पत्त्यावर एक रेघ ओढून त्यांनी खाली नवा पत्ता उतरवला, अक्षर अक्षर, मोठ्या-लहान लिपीसकट. मग विचारलं, "परत विकलं की परत बदलणार ना?"

"हो, दादा."

त्यांनी पान उलटलं आणि वर फक्त 'कट-पीस' असं लिहून ते कोरं सोडलं.